ब्राउझर-त्रुटी नोंदणी
दूरदूरच्या वापरकर्त्यांच्या ब्राउझरमध्ये होणाऱ्या चुका आपोआप टिपून एका सर्व्हरवर जमा करण्याची पद्धत.

जावास्क्रिप्ट (पहा : जावास्क्रिप्ट) वापरकर्त्याच्या संगणकावर चालते; ती अडली तरी सर्व्हरच्या लॉगमध्ये अनेकदा काहीच उमटत नाही. त्यामुळे पानावरील न हाताळलेली चूक टिपणाऱ्या ‘विंडो.ऑनएरर’ची सोय मोलाची ठरली. खुद्द ब्राउझर कोसळल्यास मात्र वेगळी यंत्रणा लागते. फायरफॉक्स ३ (२००८) मध्ये त्यासाठी ब्रेकपॅड आले.

नोंदीत संदेश, फाइलचा पत्ता, ओळ व स्तंभ क्रमांक असतो. परक्या डोमेनवरील स्क्रिप्ट परवानगीविना (पहा : कॉर्स) चुकली, तर सुरक्षेसाठी तपशील दडवून ‘स्क्रिप्ट एरर’ एवढेच कळवले जाते. आक्रसलेल्या कोडमधील मूळ ओळ सोर्स मॅपने सापडते.

नोंदीतील पत्त्यातून खासगी माहितीही सर्व्हरवर जाऊ शकते. ती आधीच गाळणे आवश्यक असते.