काळा डबा दुकानात का दिसत नाही?

इथे काशीत, दुर्गाघाटाजवळच्या मराठी वस्तीत, भाच्याने विचारले, "मामा, तुमचा हा काळा लॅपटॉप एवढा दणकट, मग दुकानात का दिसत नाही?"

गोष्ट जुनी आहे. 1982 चा ग्रिड कंपास, शिंपल्यासारखा मिटणारा, किंमत आठ हजार डॉलरच्या वर. गिऱ्हाईक कोण? नासा आणि अमेरिकी सैन्य. 1992 मध्ये आयबीएमचा थिंकपॅड आला, जपानी जेवणाच्या डब्यावरून सुचलेला, कीबोर्डच्या मधोमध लाल टिंब. तोही मुख्यतः कंपन्यांसाठीच. तिथे वापरणारा एक, पैसे मोजणारा दुसरा. खरेदी शेकड्यांनी, त्यामुळे दुरुस्ती किती लवकर होते, सुटे भाग किती वर्षे मिळतात, हे आधी पाहिले जाते. फौजेत बूट घेताना आम्हीही चमक नाही, टाके पाहायचो.

घरचा माणूस एकच घेतो, पदरच्या पैशाने. दुकानात पडदा दिसतो. बिजागरी किती टिकेल ते दिसत नाही. शिवाय त्याच पैशात शेजारच्या यंत्रात मेमरी जास्त. त्याला मी मूर्ख म्हणणार नाही.

2013 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने बारावी पास मुलांना एचपीचे लॅपटॉप वाटले. एक सुमारे 19 हजारांना पडला. कितीतरी घरांतला पहिला लॅपटॉप तोच. अशा घराला साठ-सत्तर हजारांचा काळा डबा कसा पटावा?

माझाही कोरा नव्हे, बरं का. एका कंपनीने वापरून काढलेला, जुन्या मालाच्या दुकानातून आणलेला. बॅटरी दोनदा बदलली, बिजागरी अजून घट्ट आहे. भाच्याने मात्र चकचकीत नवाच घेतला.