धन, ऋण आणि यावत्तावत्

बीजगणिताच्या दाराशी येईपर्यंत मुलांची संख्यांशी चांगली ओळख झालेली असते. पाढे पाठ असतात, अपूर्णांकांची भीती बरीच ओसरलेली असते. मग दोन गोष्टी एकदम पुढे येतात. एक, शून्याहून लहान अशी संख्या. आणि दुसरी, संख्येच्या जागी बसलेले अक्षर. या दोन उंबरठ्यांवर जी मुले अडखळतात, त्यांतील पुष्कळशी पुढे गणिताकडे पाठ फिरवतात, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे व तो आमच्या सहाध्यापकांचाही असावा. वर्गात बहुधा 'उणे गुणिले उणे बरोबर अधिक' हे सूत्र फळ्यावर लिहून दिले जाते व ते पाठ केले जाते. का, असे विचारणारा मुलगा निघालाच, तर 'तसा नियमच आहे' हे उत्तर त्यास मिळते. आमच्याकडे हे विषय नवशिक्यांस पूर्वी कसे समजावून दिले जात, याचा मागोवा घेण्याचा हेतू एवढाच, की या प्रश्नास याहून बरे उत्तर आपल्याच परंपरेत सापडते.

धन व ऋण यांचे नियम एकत्र मांडलेले आपणांस प्रथम दिसतात ते ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात. हा ग्रंथ इ. स. ६२८चा. धनात ऋण मिळविले असता काय होते, शून्यातून ऋण वजा केले तर काय उरते, ऋणास ऋणाने गुणिले तर काय येते, हे सारे तेथे आहे. शून्यास शून्याने भागिले तर शून्य येते, हे त्याचे विधान मात्र आज कोणी मान्य करणार नाही. पण हे नियम सूत्ररूप आहेत. ज्याला आधीच समजले आहे त्याच्या स्मरणासाठी ते उत्तम. नवशिक्यास त्यांतून उलगडा होणे कठीण.

शिकविण्याची दृष्टी स्पष्ट दिसते ती भास्कराचार्यांत. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ हा त्यांचा जन्मकाल, आणि छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी रचला. त्यातील बीजगणिताच्या अखेरीस ते सांगतात, की ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ यांची बीजगणिते फार विस्तृत असल्यामुळे त्यांचे सार काढून हा लहान ग्रंथ शिष्यांच्या संतोषासाठी केला. अन्यत्र तर बीज म्हणजे मुळात बुद्धीच, आणि अक्षरे ही मंदांच्या बोधाकरिता तिला दिलेली साह्यकारिणी, अशा आशयाचे त्यांचे उद्गार आहेत. हा ग्रंथ खरोखरच शाळेत शिकविला गेला, यासही पुरावा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे नमूद आहे. हा लेख इ. स. १२०७चा असून डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ साली तो विद्वानांपुढे आणला.

आता त्यांची रीत पाहू. अज्ञात संख्येस भास्कराचार्य 'यावत्तावत्' म्हणतात; जितके असेल तितके. या एका शब्दात अज्ञाताची सगळी कल्पना आलेली आहे: ते अनिश्चित नाही, ते ठरलेलेच आहे, फक्त आपणांस अजून ठाऊक नाही. एकाहून अधिक अज्ञाते असतील तर पुढच्यांना रंगांची नावे, म्हणजे कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना पहिले अक्षर पुरे: या, का, नी. ज्ञात संख्येस रूप म्हणत व तिच्यामागे रू लिहीत. ऋणसंख्येच्या डोक्यावर टिंब देत. (पेशावरनजीक बक्षाली येथे १८८१ साली सापडलेल्या जुन्या हस्तलिखितात ऋणाची खूण आपल्या आजच्या अधिक चिन्हासारखी आहे, हे मुलांस सांगितले म्हणजे चिन्ह हा केवळ संकेत आहे हे त्यांस व्याख्यानाविना कळते.)

त्यांचे एक उदाहरण आम्हांस विशेष प्रिय आहे. एका माणसापाशी तीनशे रूपे रोख व सहा घोडे आहेत. दुसऱ्यापाशी त्याच किमतीचे दहा घोडे असून शंभर रूपांचे कर्ज आहे. दोघे सारखेच श्रीमंत. तर एका घोड्याचे मूल्य काय? भास्कराचार्य दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडतात:

या ६ रू ३००
या १० रू १०० (शंभराच्या डोक्यावर टिंब)

बरोबरीचे चिन्ह नाही, त्याची गरजही नाही. दोन ओळी म्हणजे तराजूची दोन पारडी. एखाद्या पक्षात अज्ञात नसेल तर तेथे 'या ०' असे लिहून जागा राखीत, म्हणजे स्तंभ चुकत नसे. आता समशोधन करावयाचे. दोन्ही पक्षांतून सहा घोडे काढले, खाली चार उरले. दोन्ही पक्षांतून ऋण शंभर काढले. खालचे कर्ज नाहीसे झाले, आणि वरच्या तीनशेंतून कर्ज काढणे म्हणजे शंभराची भर, म्हणून वर चारशे झाले. चार घोड्यांचे चारशे, एकाचे शंभर. पडताळा: एकाचे सहाशे व तीनशे मिळून नऊशे, दुसऱ्याचे हजारातून शंभर जाऊन नऊशे. ऋण वजा केले असता बेरीज का होते, हे येथे मुलास कोणी सांगावे लागत नाही. ज्याच्या घरी सावकाराची वही आहे, त्याला तर नाहीच नाही.

परंतु कर्जाचा दाखला काही अंतरापर्यंतच चालतो, आणि अध्यापकाने तो कोठे थांबतो हे ओळखले पाहिजे. भास्कराचार्य स्वतः कोठे थांबले ते पाहण्याजोगे आहे. वानरांची दोन उदाहरणे त्यांनी दिली आहेत. पहिल्यात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळत आहे व बारा वानर टेकडीवर आहेत. उत्तरे दोन येतात, ४८ व १६, आणि दोन्ही ते मान्य करतात. दुसऱ्यात पंचमांशातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितके वानर गुहेत गेले व एक झाडावर दिसतो. येथेही उत्तरे दोन, ५० व ५. पण पाचाचा पंचमांश एक, त्यातून तीन गेले की ऋण दोन. वर्ग चार आणि वरचा एक मिळून पाच, गणित बिनचूक जुळते. तरीही दुसरे उत्तर ते टाकून देतात. कारण त्यांनी सांगितले आहे ते असे, की प्रत्यक्ष वस्तू ऋण असण्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. ऋणसंख्या नाही असे ते म्हणत नाहीत. ऋण वानर नाहीत असे म्हणतात. हा भेद वर्गात आवर्जून दाखवावा असे आम्हांस वाटते.

यापुढचे पाऊल टाकले ते कृष्ण दैवज्ञांनी. यांचे घराणे मूळचे पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे, पुढे काशीस स्थायिक झालेले. इ. स. १६००च्या सुमारास त्यांनी भास्करीय बीजगणितावर 'बीजपल्लव' ही टीका लिहिली. तिलाच नवांकुर असेही म्हणतात. ऋणत्व म्हणजे वैपरीत्य, उलटेपणा, असे सांगून ते त्याचे तीन प्रकार करतात: देशाचे, कालाचे व वस्तूचे. वस्तूचे म्हणजे धनको-ऋणकोचे नेहमीचे. देशाचे म्हणजे दिशेचे: पूर्व धन मानली तर पश्चिम ऋण. दाखला घरचाच आहे. काशीच्या पूर्वेस पंधरा योजनांवर पाटणा, पश्चिमेस आठ योजनांवर प्रयाग. दोहोंमधील अंतर तेवीस. अंतर काढणे म्हणजे वजाबाकी. पंधरांतून ऋण आठ वजा केले आणि तेवीस आले. ज्यास कर्जाच्या भाषेत 'कर्ज काढून घेणे' चमत्कारिक वाटते, त्यास ही वाट चालून दाखवता येते.

आणि गुणाकारही येथेच सुटतो. कर्जास कर्जाने गुणणे याला व्यवहारात काही अर्थ नाही, म्हणून सावकाराच्या वहीतून 'ऋण गुणिले ऋण' कधीच उलगडणार नाही. दिशेचा आधार घेतला म्हणजे ऋणाने गुणणे म्हणजे तोंड फिरविणे. पश्चिमेकडे तोंड असलेला फिरला की पूर्वेकडे पाहतो. फळ्यावर ऋण तीनला क्रमाने दोन, एक, शून्य यांनी गुणून ऋण सहा, ऋण तीन, शून्य असे लिहावे. दर पायरीस तीनाची वाढ होते आहे हे मुले स्वतःच पाहतात, आणि पुढची पायरी, ऋण एकाने गुणण्याची, विचारली तर धन तीन हे उत्तर वर्गातूनच येते.

युरोपातही हा प्रश्न सुखासुखी सुटला नाही. कार्दानोने १५४५ साली अशा उत्तरांस काल्पनिक म्हटले, देकार्तने १६३७ साली खोटी मुळे म्हटले, आणि इंग्लंडात फ्रान्सिस मॅसेरेझ याने १७५८ साली ऋणसंख्यांविरुद्ध एक सबंध ग्रंथच लिहिला. १८३१ साली ऑगस्टस डी मॉर्गन याने एक उदाहरण दिले: बाप छप्पन्न वर्षांचा, मुलगा एकोणतीस, बाप मुलाच्या दुप्पट वयाचा केव्हा होईल? उत्तर ऋण दोन येते. डी मॉर्गनच्या मते अशा वेळी प्रश्नच बदलून 'किती वर्षांपूर्वी होता' असा विचारावा. कृष्ण दैवज्ञांच्या वाचकास प्रश्न बदलण्याचे कारण नव्हते. हे कालाचे ऋणत्व. पुढे याच डी मॉर्गनने दिल्लीच्या रामचंद्र यांचा बीजगणिताने महत्तम-लघुतम मूल्ये काढण्याचा ग्रंथ १८५९ साली लंडनात पुन्हा छापविला, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

आमच्या माळव्याचाही या इतिहासात थोडा वाटा आहे. सीहोर येथे भोपाळचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी संस्कृत पाठशाळेत सिद्धांतग्रंथांच्या पायावर नवे ज्योतिष शिकविण्याचा प्रयोग केला. तेथील सुबाजी बापूंनी १८३६ साली 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' मराठीत लिहिला. नागपुरास लीलावती व बीजगणित शिकलेले बापूदेव शास्त्री १८३८ साली येथेच आले आणि १८४२पासून काशीस अध्यापक झाले. १८५०च्या सुमारास त्यांनी हिंदीत बीजगणित लिहिले. जुन्या वाटेवरून नव्याकडे नेणारी ही माणसे होती.

मराठी शाळांतून पुढे जे बीजगणित रूढ झाले, त्यात विषयाचे नाव व धन-ऋण हे शब्द राहिले. या, का, नी मात्र गेले व त्यांच्या जागी क्ष आणि य आले. इंग्रजीतील शेवटची अक्षरे म्हणून आपल्याकडेही शेवटचा क्ष घेतला, पण य काही वर्णमालेच्या शेवटी नाही. तो केवळ उच्चाराच्या साम्याने आलेला दिसतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. खूण कोणतीही चालते. पहिल्या आठवड्यात फळ्यावर क्षच्या जागी 'या' लिहून त्याचा अर्थ सांगावा व घोड्यांचे उदाहरण दोन ओळींत सोडवावे, आणि दुसऱ्या आठवड्यात क्षकडे वळावे, इतकेच आम्ही करीत आलो आहोत. कृष्ण दैवज्ञांची टीका १९३० साली पुण्याच्या आनंदाश्रम ग्रंथमालेत मुद्रित झाली. ती संस्कृतात आहे, आणि काशी, पाटणा व प्रयाग यांचा तो दाखला अजून आमच्या पाहण्यातील एकाही शालेय पाठ्यपुस्तकात आलेला नाही.