सहा माणसं, सहा मिनिटं

मंडळी, २०२० मधली एखादी ऑनलाइन सभा आठवा. पडद्यावर साठ-सत्तर चौकटी, एकजण बोलतोय, बाकीचे म्यूट. मग संयोजक म्हणतात, "आता आपण छोट्या गटांत जाऊ." क्षणभर पडदा रिकामा होतो आणि आपण पाच अनोळखी चेहऱ्यांसमोर येतो. सुरुवात कुणी करायची म्हणून सगळे गप्प. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी होते.

याला आपण ब्रेकआउट रूम म्हणतो आणि झूमची करामत समजतो. डिसेंबर २०१९ मध्ये झूमवर रोज जास्तीत जास्त १ कोटीच्या आसपास सहभागी असायचे, मार्च २०२० मध्ये हा आकडा २० कोटींवर गेला. त्यामुळे बहुतेकांची या खोल्यांशी ओळख तेव्हाच झाली. पण कल्पना निदान सत्तर वर्षं जुनी आहे. आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही तितकाच जुना आहे. छोट्या गटात जे बोललं जातं, ते मोठ्या सभेत आणायचं कुणी?

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट कॉलेजात जे. डोनाल्ड फिलिप्स प्रौढशिक्षणाचं काम बघायचे. व्याख्यान संपल्यावर "काही प्रश्न?" विचारलं की काय होतं, ते आपल्याला माहीत आहेच. नेहमीचेच तिघे उठतात, आणि त्यातल्या एकाचा तर प्रश्न नसतोच, भाषण असतं! फिलिप्स यांनी १९४८ मध्ये 'डिस्कशन ६६' ही पद्धत मांडली. पुढच्या रांगेतल्या तिघांनी मागे वळायचं, मागच्या तिघांशी सहा मिनिटं बोलायचं, आणि गटाचं म्हणणं एकाने सभेला सांगायचं. खुर्च्याही हलवायच्या नाहीत. सगळं सभागृह मधमाश्यांच्या पोळ्यासारखं गुणगुणायला लागायचं, म्हणून अशा गटांना 'बझ ग्रुप' असंही नाव पडलं. भिंती नव्हत्या, हे लक्षात ठेवा. कुठला कोपरा तापलाय आणि कुठे लोक घड्याळ बघतायत, हे व्यासपीठावरून दिसायचं.

पण गटाचं म्हणणं सांगणारा माणूस ते बरोबर सांगतो का? याचा खरा धडा त्याच्या दोन वर्षं आधीच मिळाला होता. १९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन इथे वंशभेदाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची कार्यशाळा भरली होती. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन प्रमुख. कार्यकर्त्यांचे तीन गट, आणि प्रत्येक गटात टिपणं घेणारा एक निरीक्षक. रात्री हे निरीक्षक आणि प्रशिक्षक एकत्र बसून दिवसभरात गटांत काय घडलं, त्याची चर्चा करायचे. एका रात्री तीन कार्यकर्त्यांनी विचारलं, "आम्ही बसलो तर चालेल का?" लेविन हो म्हणाले. चर्चेत एका निरीक्षकाने त्या तिघांपैकी एका बाईंच्या वागण्याबद्दल काही सांगितलं. बाईंनी मध्येच थांबवलं. असं झालंच नव्हतं, म्हणाल्या, आणि आपल्या बाजूने सगळा प्रसंग सांगितला. प्रशिक्षक अवघडले. लेविन मात्र खूश झाले. त्यानंतर रात्रीच्या बैठकीला येणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. फेब्रुवारी १९४७ मध्ये लेविन वारले, पण त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बेथेल गावी त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अनुभवावर प्रशिक्षणाची प्रयोगशाळा सुरू केली. माझ्या मते या सगळ्या इतिहासात त्या बाईंचं "असं झालंच नव्हतं" हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे.

व्हिडिओने नेमकी हीच सोय काढून घेतली. खोलीचं दार लागलं की बाहेर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. संयोजकालाही एका वेळी एकाच खोलीत डोकावता येतं.

ब्रिटनच्या हवामान नागरिक सभेला हे फार गांभीर्याने घ्यावं लागलं. ३०,००० घरांना पत्रं पाठवून, मग सोडतीने निवडलेले १०८ नागरिक संसदेला शिफारशी करणार होते. जानेवारी २०२० मध्ये बर्मिंगहॅमला ते गोल टेबलांभोवती बसले. मार्चमधलं शेवटचं सत्र साथीमुळे रद्द झालं, आणि एप्रिल-मे मध्ये तीन शनिवार-रविवार ते ऑनलाइन झालं. छोट्या गटांत सूत्रधार होते, पण निर्णय गटावर सोडला नाही. मतदान प्रत्येकाने स्वतंत्र, गुप्त केलं. सांगणाऱ्याने काही गाळलं, तरी ज्याचं त्याचं मत शाबूत राहिलं.

आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने हे व्हिडिओशिवायच, वेगळ्या वाटेने साधलंय. तिथे अभ्यासगट विषयाचा काथ्याकूट करतो, निर्णय मात्र घेत नाही. तो ग्रामसभेत, सर्वसहमतीने होतो. म्हणजे गटाचं म्हणणं चुकीचं सांगितलं गेलं, तर खोडायला सगळं गाव समोर बसलेलं असतं.

बरं, आता प्रश्नोत्तरं. माइक लगेच फिरवणार नाही. पुढच्या रांगेतल्यांनी जरा मागे वळा. सहा मिनिटं आहेत.