संकासुराची तरवार

दोन योद्धे समोरासमोर उभे करावे, खेळणारांनीं कळा दाबून त्यांस लढवावें, आणि एक पडला कीं पुढची जोडी आणावी, असा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ नांवाचा यंत्रावरील खेळ १९९२ सालीं अमेरिकेंत निघाला. १९९५ मध्यें त्यावर चित्रपट झाला, व १९९८ मध्यें जिवंत नटांची दूरचित्रवाणी-मालिका आली. खेळांत लढाई हेंच सर्वस्व असतें. मालिकेंत मात्र ती कां व्हावी हें सांगावें लागतें. हा प्रश्न नवा वाटतो. परंतु आमच्या मालवण किनाऱ्यावर त्याचें उत्तर जुनेंच आहे.

जत्रेच्या रात्रीं देवळापुढें दशावतार उभा राहतो. पूर्वरंगांत गणपति, रिद्धि-सिद्धि व सरस्वती येऊन गेल्यावर काळ्या वेषाचा संकासुर येतो. वेद चोरणारा हा राक्षस मालवणींत थट्टा करतो, गांवच्या गोष्टींची टर उडवितो, आणि अखेरीस विष्णूच्या हातून मरतो. मागाहून आख्यान लागतें. त्यांतही लढाई असतेच. संवाद लिहिलेले नसतात. कथासूत्र ठरवून नट ते आयत्या वेळीं रचतात. मृदंग व झांज यांच्या लयीवर पावलें पडतात, गिरक्या घेतल्या जातात, तरवारी भिडतात. घाव अंगास लागत नाहीं. कोण जिंकणार हें पोरासही ठाऊक असतें. तरीही कोणी उठत नाहीं. कारण ज्यानें घटकाभर हंसविलें, तोच आतां मरणार असतो.

मराठी रंगभूमीचा आरंभही याच वाटेनें झाला. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें. त्यांच्या परंपरेंतील राक्षस ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकून तरवारी परजीत येत. इंग्रजी शिकलेल्यांस तें ओबडधोबड वाटूं लागलें. १८६१ सालीं कीर्तन्यांचें ‘थोरले माधवराव पेशवे’ आलें. पुढें लिखित नाटकांत भाषण वाढलें आणि शस्त्र मागें पडलें. आम्हीही कॉलेजांत शेक्सपीअर वाचून परतल्यावर जत्रेंतल्या लढाईस हंसलों होतों. ‘हॅम्लेट’च्या शेवटच्या प्रवेशांतही तरवारींचें द्वंद्वच आहे, आणि तेंही प्रथम खेळ म्हणूनच सुरू होतें, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें नाहीं. ज्या विद्येनें आम्हांस डोळे दिले म्हणून आम्ही मिरवीत होतों, तिनेंच अंगणांतलें नाट्य आमच्यापासून झांकून ठेविलें होतें.

यंत्रावरील योद्धा पडला तरी पुढल्या डावांत उठून उभा राहतो. म्हणून त्याच्याकरितां हळहळावें लागत नाहीं. नाटकांत हळहळ हवी, आणि ती तरवारीच्या कौशल्यानें एकट्यानें उत्पन्न होत नाहीं. आपल्या मर्दानी खेळांवर कोणास मालिका करावयाची असेल, तर त्यानें दांडपट्ट्याचा वस्ताद अवश्य आणावा. परंतु त्याआधीं एक रात्र आमच्या जत्रेंत बसून संकासुराचें बोलणें ऐकावें.