साचत जाणारी उत्परिवर्तने: एका सिद्धान्ताची कुळकथा

पेशींतल्या डीएनएमध्ये आयुष्यभर साचणाऱ्या उत्परिवर्तनांमुळे आपण म्हातारे होतो, हा सिद्धान्त जन्मला तो किरणोत्साराच्या अभ्यासातून. क्ष-किरणांमुळे फळमाशीची जनुके बदलतात, हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये सिद्ध केले. किरणोत्साराने उंदरांचे आयुष्य घटते, हेही पुढे दिसले. मग अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना मांडणारे लिओ झिलार्ड १९५९ मध्ये थेट म्हातारपणाकडे वळले. गुणसूत्रांवर अधूनमधून आघात होतात, पेशी निकामी होत जातात आणि कामाच्या पेशी ठरावीक मर्यादेखाली उतरल्या की मृत्यू येतो, असे त्यांचे गणित होते. दोनच वर्षांत एका गांधीलमाशीने त्याला खीळ घातली. हाब्रोब्रॅकॉन या इवल्या परजीवी माशीच्या काही नरांत गुणसूत्रांचा एकच संच असतो, काहींत दोन. एकच संच म्हणजे राखीव प्रत नाही; ते नर लवकर म्हातारे व्हायला हवे होते. किरणोत्साराच्या माऱ्याखाली ते खरोखरच लवकर मेले, पण एरवी दोघांचे आयुष्य सारखेच भरले.

सिद्धान्त मागे पडला. एकेका पेशीतली उत्परिवर्तने मोजायला साधनच नव्हते. ते जनुकक्रम वाचण्याच्या तंत्राने दिले. मोठ्या आतड्याच्या अस्तरात सूक्ष्म खळगे असतात. एका खळग्यातल्या साऱ्या पेशी एकाच मूळपेशीच्या वंशज, म्हणून त्या मूळपेशीचा इतिहास तिथे वाचता येतो. केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटने २०२२ मध्ये १६ सस्तन प्राण्यांचे असे खळगे तपासले. उंदराच्या पेशीत वर्षाला सुमारे ८०० उत्परिवर्तने निघाली, माणसाच्या पेशीत ४७. या प्राण्यांच्या आयुर्मानात तीसपट अंतर, पण आयुष्याअखेरच्या बेरजेत जेमतेम तिपटीचे.

झिलार्ड यांची बाजू इथे भक्कम होते खरी, पण मला एवढे पुरेसे वाटत नाही. आयुर्मान आणि उत्परिवर्तनांचा वेग सोबत चालतात, इतकेच यातून कळते; कोणामुळे कोण, ते नाही. काही कुटुंबांत डीएनएची नक्कल करताना चूक दुरुस्त करणारे विकर जन्मतःच सदोष असते. त्यांच्या पेशींत उत्परिवर्तने कितीतरी जास्त साचतात, कर्करोगही लवकर होतो, पण अकाली वार्धक्य दिसत नाही. नुसती बेरीज म्हातारपण आणत असती, तर ही माणसे तिशी-चाळिशीतच थकली असती. उत्परिवर्तन कुठल्या जनुकात झाले आणि ती पेशी पुढे किती फोफावली, हे पाहायला हवे. रक्ताच्या मूळपेशीत टेट-२ सारखे एखादे जनुक बिघडले की ती इतरांना मागे टाकून वाढते. सत्तरी ओलांडलेल्या दहा टक्क्यांहून अधिक लोकांच्या रक्तात अशी माजलेली पेशीकुळे सापडतात. त्यांना रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतोच, हृदयविकाराचाही वाढतो. उंदरांवरच्या २०१७ च्या प्रयोगात टेट-२ नसलेल्या पेशींनी दाह वाढवून रोहिण्यांतला मेदाचा थर जाड केला. उतारवयातल्या या रोगांपुरता झिलार्ड यांचा सिद्धान्त टिकतो. सगळ्या म्हातारपणाचे कारण म्हणून तो अजून सिद्ध झालेला नाही.