धाव, ज्युबिली आणि व्ही-बँड

संगमेश्वरला शास्त्री आणि सोनवी एकमेकींना मिळतात, आणि तिथूनच मुंबई-गोवा महामार्गावरचे ट्रक पुढच्या चढउतारांना लागतात. कुणी जांभ्याचे चिरे भरून, कुणी आंब्याच्या पेट्या, कुणी मासळी. भरलेली गाडी चढाला लागली की कधी कधी तिच्या खालून 'फट्‌ फट्‌' असा कोरडा आवाज येतो आणि उतारावर विरून जातो. जाणता मेकॅनिक वाकून बघण्याआधीच ओळखतो की सायलेन्सरचा क्लॅम्प सैल झाला आहे. पंजात मावेल एवढी ही वस्तू, पण तिचं कूळ पार बैलगाडीपर्यंत जातं.

लाकडी चाकावर चढवायची लोखंडी धाव लोहार चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड ठेवायचा. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल झाली, फुगली की चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. निवताना ती अशी आवळत जायची की आरे तुंब्यात घट्ट रुतून बसायचे. गोल वस्तू पकडायची तर सगळ्या घेरावर सारखा ताण हवा, हे त्या लोहाराला पक्कं ठाऊक होतं. क्लॅम्पचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे याच सारख्या ताणाचा शोध आहे. फरक इतकाच की धाव एकदा बसली की बसली. क्लॅम्प मात्र पान्याने आवळता आणि सोडवताही यायला हवा.

ते जमवलं ब्रिटिश नौदलातल्या कमांडर लम्ली रॉबिन्सन यांनी. पट्टीवर तिरप्या खाचा पाडायच्या आणि त्यांत अडकणारा स्क्रू फिरवून पट्टी ओढत न्यायची, या रचनेचं पेटंट त्यांना १९२१ साली मिळालं. केंटमधल्या गिलिंगहॅमच्या त्यांच्या कंपनीने तिला नाव दिलं 'ज्युबिली क्लिप'. आज ती कोणत्याही कंपनीची असली, तरी आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ज्युबिली क्लिपच म्हटली जाते.

मात्र ही क्लिप रबरी नळीची आहे. रबर दाबलं की उलट रेटतं, त्यामुळे पट्टीत ताण टिकून राहतो. लोखंडी पाइप असा रेटत नाही. तापून-निवून ती पातळ पट्टी सैल पडते. म्हणून रेडिएटरच्या होजवर उत्तम चालणारी ज्युबिली सायलेन्सरवर लावणं म्हणजे गळतीला आमंत्रण.

सायलेन्सरवर सर्रास दिसतो तो यू-क्लॅम्प. कमानपाटे अॅक्सलला धरून ठेवणाऱ्या यू-बोल्टचा तो धाकटा भाऊ. स्वस्त, दणकट, कुठेही मिळणारा. पण तो घेरावर सारखा दाबत नाही, मोजक्या जागीच चावतो. पाइपावर चर पडतो, गोलाई जाते आणि पुढच्या वेळी सांधा सुटता सुटत नाही, कापावाच लागतो. त्यापेक्षा रुंद पट्टीचा बँड क्लॅम्प थोडे जास्त पैसे देऊन घ्यावा. तो पाइपाला मिठी मारतो, चावत नाही.

तिसरी शाखा आली हॉलिवूडमधून. मार्क्स बंधूंच्या विनोदी चित्रपटांतला धाकटा भाऊ झेप्पो यंत्रांचा वेडा होता. अभिनय सोडल्यावर त्याने मार्मन प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली, आणि तिच्या नावाने 'मार्मन क्लॅम्प' ओळखला जाऊ लागला. यात दोन पाइपांच्या टोकांना उतरत्या कडा असतात आणि त्यांच्यावर आतून व्ही आकाराची खोबण असलेली पट्टी बसते. पट्टी आवळली की पाचर ठोकल्यासारख्या दोन्ही कडा एकमेकींवर दाबल्या जातात. उपग्रह प्रक्षेपकावर धरून ठेवायला हीच पद्धत वापरली गेली. ट्रकवर ती आली टर्बोमुळे, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणाऱ्या यंत्रामुळे. टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंट केली होती. ट्रकांवर टर्बो रुळला तसा त्याच्या तोंडाशी याच पद्धतीचा व्ही-बँडही आला. तो ताणला गेला असेल तर पुन्हा वापरू नये. आवळताना चहूबाजूंनी हलके ठोकत जावं, म्हणजे पट्टी एका बाजूला अडकून राहत नाही.

आता धातू. 'स्टेनलेस घ्या' हा सल्ला अर्धाच आहे. साध्या पोलादाचा एक मीटर पाइप ४०० अंशांनी तापला की जवळपास ५ मिलिमीटर वाढतो. ३०४ जातीचं स्टेनलेस तेवढंच तापलं की ७ मिलिमीटरच्या आसपास वाढतं. म्हणजे साध्या पाइपावरची ३०४ची पट्टी पाइपाएवढीच तापली तर पकड सोडू लागते. धाव घट्ट बसवणारा निसर्गनियमच इथे उलटा फिरतो. पट्टी पाइपाहून थोडी थंड राहते, त्यामुळे नुकसान काहीसं भरून निघतं, एवढंच. ४०९ जातीच्या स्टेनलेस पट्टीचं प्रसरण साध्या पोलादाच्या जवळपास असतं. वरवर तांबूस डाग पडतात, पण ती टिकते. किनाऱ्यावर मासळी आणि मीठ वाहणाऱ्या गाडीला मात्र ३०४च बरं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा जस्ताचा मुलामा दिलेला साधा क्लॅम्प किती दिवस टिकेल, हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारायला हवा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं आणि गळती हा फक्त आवाजाचा प्रश्न उरला नाही. सांध्यातून गळती झाली तर सेन्सरला चुकीचं माप मिळतं आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. काजळी गाळणाऱ्या फिल्टरच्या आधीच्या सांध्यांवर काळे फराटे दिसतात. धूर स्वच्छ करायला सोडलेल्या युरियाच्या फवाऱ्यापुढच्या सांध्यावर पांढरी खपली धरते. केबिनखालच्या गळतीतला कार्बन मोनॉक्साइड तर वासानेही कळत नाही. मुक्कामाला इंजिन चालू ठेवून झोपणाऱ्या ड्रायव्हरच्या जिवाशी तो खेळ आहे.

नवा क्लॅम्प लावताना टोकं घासून गंज काढावा. वायू ज्या पाइपातून येतो तो पाइप, वायू ज्यात जातो त्या पाइपाच्या आत बसवावा, आणि पाइपाचं वजन हँगरवर ठेवावं, क्लॅम्पवर नाही. मग देवरुख, साखरपा करत आंबा घाट चढावा. वर गाडी उभी करून पाइप हाताला सोसेल इतका निवू द्यावा, आणि पाना घेऊन पुन्हा एकदा गाडीखाली जावं. नट बहुतेक वेळा थोडा फिरतोच.