मोहाचे फूल, यीस्ट आणि अबकारी

चैत्राच्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याशी पहाटे गेले, की मोहाच्या झाडाखाली फिकट पिवळ्या, रसाळ फुलांचा सडा पडलेला दिसतो. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे ही फुले वेचून वाळवतात. ती खाल्ली जातात, गुरांना घातली जातात आणि त्यांची दारूही होते. दारूचे नाव निघाले की वर्गात आपण विषय बदलतो. पण या फुलाच्या इतिहासात रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि नागरिकशास्त्र एकत्र येतात. म्हणून आम्ही तो येथे मांडत आहोत.

आधी विज्ञान पाहू. बिअर करणाऱ्याला सातू भिजवून मोड आणावे लागतात, कारण धान्यात साखर नसते, पिष्ट असते. मोडांमधील विकरे त्या पिष्टाची साखर करतात. मोहाच्या बाबतीत हा खटाटोप लागत नाही. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग साखरच असते. फुले पाण्यात भिजत घातली की यीस्ट कामाला लागते आणि साखरेपासून अल्कोहोल व कार्बन डायॉक्साइड तयार होतात. पुढे हे आंबवण मडक्यात तापवतात. अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सियसला उकळते, पाणी १०० अंशांना. त्यामुळे आधी निघणाऱ्या वाफेत अल्कोहोल जास्त असते. ती वाफ थंड केली की दारू मिळते. प्रयोगशाळेतील ऊर्ध्वपातन ते हेच. ज्यांनी हे साधले त्यांच्याजवळ तापमापी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता.

युरोपातही बिअर अशीच अनुभवाने होत असे. किण्वन हे सजीवांचे काम आहे, असे लुई पाश्चर यांनी १८५७ पासून प्रयोगांनी दाखवले. १८७६ मध्ये त्यांनी बिअरवर ग्रंथच लिहिला. नको असलेले सूक्ष्मजीव शिरल्याने बिअर नासते, हे त्यात स्पष्ट केले. १८८३ मध्ये एमिल हॅन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. कारागिराच्या अनुभवाला अशी शास्त्राची जोड मिळाली.

त्याच वर्षांत मुंबई इलाख्यात काय चालले होते? १८७८ मध्ये अबकारी कायदा आला. परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा ठरला आणि दारू हे सरकारी उत्पन्नाचे साधन झाले. १८९२ च्या मोहविषयक कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलांवरच निर्बंध आणले. यीस्ट तेच, रासायनिक क्रियाही तीच. पण एकीकडे तिच्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली, तर दुसरीकडे पोलीस आले. घरगुती ज्ञान चोरून करण्याची गोष्ट बनले.

याचा अर्थ दारू चांगली, असा मुळीच नव्हे. व्यसनाने घरे बुडाली, कर्जे वाढली, हे आदिवासींनी स्वतःच ओळखले होते. १९३८ मध्ये तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील तळोदा तालुक्यात (आता नंदुरबार जिल्हा) गुलाम महाराजांनी दारू सोडा, स्वच्छ राहा, असे आवाहन केले. त्यांच्या आरतीला आदिवासींचे मोठे मेळावे भरू लागले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेले. अबकारी कायद्याला महसूल हवा होता. ही दारूबंदी मात्र लोकांनी स्वतःच्या भल्यासाठी स्वतःच ठरवली होती. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहाच्या फुलांवर नियंत्रण राहिले.

किण्वन शिकवताना बाटलीत कोमट साखरपाणी व यीस्ट घालून तोंडाला फुगा लावावा. फुगा फुगू लागला, की मुलांना विचारावे: बाटलीतल्या क्रियेत चांगले-वाईट असे काही आहे का? मग एखादी गोष्ट गुन्हा आहे किंवा नाही, हे कोण ठरवते, आणि कोणाच्या हितासाठी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात सापडेल. दुसऱ्यासाठी इतिहासाचे पुस्तक उघडावे लागेल.